भराव आणि उघाडी

काही वर्षांपूर्वी मी एका अहवालाचा मराठी सारांश केला होता. किनाऱ्यालगतच्या एका प्रकल्पाचा पर्यावरणविषयक अहवाल इंग्रजीत तयार होता. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीच्या आधी त्याचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करून द्यावा लागतो, तो मला करायचा होता. पानामागे पैसे ठरलेले, मुदत चार दिवसांची. त्या सारांशात दोन इंग्रजी शब्द पुन्हा पुन्हा येत होते : ‘रिक्लमेशन’ आणि ‘वेस्टलँड’. काम देणाऱ्यांनी सोबत शब्दांची यादीच पाठवली होती. त्यात पहिल्यापुढे ‘भूमी पुनःप्रापण’ आणि दुसऱ्यापुढे ‘पडीक जमीन’ असं लिहिलेलं होतं. मी यादी पाळली. कथा-कादंबऱ्यांच्या अनुवादात एका विशेषणासाठी दोन दिवस घालवणारी मी, इथे एकदाही थांबले नाही. हे काम पोटाचं, ते काम मनाचं, अशी माझी तेव्हा सोयीची वाटणी होती.

सुनावणी रायगड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी होती. मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्येच शिट्टी मारणारा माइक. सारांश मीच वाचून दाखवावा असं ठरलं होतं. वाचून झाल्यावर मागच्या रांगेतले एक आजोबा उठले. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात माझीच पानं चौघडी घालून ठेवलेली होती.

“बाय, ह्ये तू लिवलंस?”

मी हो म्हटलं.

“मंग सांग, पडीक कंची? ती खार हाय. आमच्या आज्यानं बांदलेली.” मग त्यांनी पान उलगडून दुसरा शब्द बोट ठेवून वाचला, अडखळत. “अन् ह्ये पुनःप्रापन म्हंजे? कोनाची व्हती अन् कोनाला परत मिलनार?”

मांडवात हशा झाला. अध्यक्षस्थानी बसलेल्या अधिकाऱ्यांनी “नोंद घेतली आहे” असं म्हटलं आणि पुढचं नाव पुकारलं. तो प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. पुढची काही वर्षं मी जे वाचत राहिले, जिथे जिथे चिखल तुडवत गेले, ते त्या प्रश्नापायी. हा लेख त्या शोधाचा आहे.

आधी खार म्हणजे काय, ते सांगायला हवं. या अंकाच्या अनेक वाचकांनी कोकणचा किनारा गाडीच्या खिडकीतून पाहिला असेल, पण खार खिडकीतून ओळखू येत नाही. अलिबाग आणि पेण तालुक्यांत खाड्यांच्या कडेला जो सपाट पट्टा आहे त्याला खारेपाट म्हणतात. भरतीच्या रेषेपेक्षा ही जमीन खाली आहे. म्हणजे मोकळी सोडली तर दिवसातून दोनदा तिच्यावर खारं पाणी येणार. कधीकाळी लोकांनी खाडीच्या बाजूने चिखलाचे, दगडांचे, भाताच्या पेंढ्याचे बांध घातले आणि हे पाणी बाहेर ठेवलं. पण एवढ्याने शेत होत नाही. पाऊस पडला की आतलं गोडं पाणी बाहेर जायला वाट लागते, आणि ती वाट भरतीला बंद व्हायला लागते. म्हणून बांधात एक दार ठेवतात. त्या दाराला उघाडी म्हणतात.

उघाडीची झडप खाडीच्या बाजूला टांगलेली असते. भरती आली की बाहेरचं पाणीच तिला ढकलून बंद करतं. ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलून उघडतं. दाराशी माणूस नको, इंधन नको. चंद्र हाच राखणदार. पहिली काही वर्षं नव्या खारीत काही पिकत नाही. पाऊस मातीतलं मीठ धुऊन काढतो, उघाडी ते खाडीत नेऊन सोडते, असं काही पावसाळे झाल्यावर भात उभं राहतं. तेही कुठलंही भात नव्हे. या बाजूला काळा राता, भुरा राता अशा तांबड्या दाण्याच्या जुन्या जाती होत्या. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पुढे त्या निवडून, तपासून नावारूपाला आणल्या. मोड आलेलं बी चिखलात फेकून पेरायचं, त्याला रहू म्हणतात. भात कापलं की तळ्यात जिताडा. पाहुण्याला जिताड्याचं कालवण घातलं नाही तर खारेपाटात पाहुणचार पुरा होत नाही.

बांध हा एकदा घालून मोकळं होण्याचा प्रकार नाही. खेकडे त्याला भोकं पाडतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी माथ्याशी येतं, अष्टमीच्या सुमाराला भांगाच्या दिवसांत उतरतं आणि तेव्हाच डागडुजी उरकावी लागते. एका रात्रीत बांध फुटला तर त्याला खांड गेली म्हणतात. मग एकाचं नव्हे, सगळ्या पट्ट्याचं शेत खारं होतं, आणि पुन्हा मीठ धुऊन निघायला वर्षं जातात. खांड गेल्याची हाक आली की घरटी माणूस घमेलं घेऊन बांधावर, हा रिवाज म्हणूनच जन्मला. शेजाऱ्याच्या प्रेमापोटी नव्हे. शेजाऱ्याच्या शेतातलं पाणी तासाभरात आपल्या शेतात येतं म्हणून.

हे सगळं सरकारी कागदांनाही ठाऊक होतं. १८८३ चं कुलाबा जिल्ह्याचं गॅझेटिअर पाहिलं तर तिथे ‘शिलोत्री’ नावाच्या जमिनीचं वर्णन आहे : खाडीपासून बांधून काढलेली जमीन, आणि तिच्या बाहेरच्या बांधाची जबाबदारी घेणारा शिलोत्रदार. या जबाबदारीपोटी त्याला कसणाऱ्यांकडून बिघ्यामागे ठरलेलं भात मिळे. मला यातली गंमत अशी वाटली की हा जमिनीचा मालकी हक्क जमिनीवर टेकलेला नाही, तो बांधावर टेकलेला आहे. बांध राखतोस तोवर हक्क.

अर्थात कागदावर. प्रत्यक्षात बांधावर राबणारे हात आणि भात मोजून घेणारे हात वेगळे होत गेले. खोतांनी आणि सावकारांनी खारीचं पीक इतकं ओरबाडलं की १९३३ साली अलिबागजवळच्या चरी गावात कुळांनी शेती न करण्याचाच निर्णय घेतला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालचा हा संप १९३९ पर्यंत, सहा वर्षं चालला. आसपासच्या पंचवीस गावांनी भात लावलं नाही. लोक मासळीवर, लाकूडफाट्यावर, मोलमजुरीवर जगले. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, त्याला या लढ्याची पार्श्वभूमी आहे. हे इथे सांगते ते अशासाठी की पर्यावरणावर लिहिणारी मंडळी जुन्या गावव्यवस्थांविषयी फार लवकर हळवी होतात. मीही झाले होते. खारीची निगा राखणारी व्यवस्था उत्तम होती आणि अन्यायीही होती. या दोन्ही गोष्टी एकाच बांधावर उभ्या होत्या.

खारेपाटातून मी गोव्याला गेले, कारण तिथे याच वस्तूची वेगळी कागदपत्रं आहेत आणि थोडीफार कोंकणी मला येते. तिथे या जमिनीला खाजन म्हणतात; मराठीतही खाजण आहेच. दाराला मानस. १५२६ साली आफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने गावकऱ्यांच्या रूढी नोंदवून त्यांना सनदेचं रूप दिलं. जिंकून आलेल्या सत्तेने जिथे उपटाउपट केली नाही अशा थोड्या गोष्टींत ही गावकारी होती. तिचं पोर्तुगीज नाव कोमुनिदाद. खाजन गावाच्या मालकीचं, लिलावाने कसायला दिलेलं, आणि बांधाचा खर्च गावाच्या तिजोरीतून. मानशीच्या तोंडाशी जाळं लावून मासे धरण्याचा हक्कही लिलावात जाई आणि तो पैसा त्याच तिजोरीत पडे. मासळी बांधाला पोसत होती आणि बांध भाताला. इथेही हळवं व्हायचं कारण नाही. गावकारीत वाटा गावकऱ्यांच्या घराण्यांतल्या पुरुषांचा. चिखलात उतरणारे बहुतेक दुसरे.

१९६१ च्या एप्रिलमध्ये पोर्तुगीजांनी कोमुनिदादींची संहिता नव्याने जारी केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते गेले. १९६४ मध्ये कूळ कायदा आला, १९७६ च्या दुरुस्तीने कसणारा मालक झाला. हे व्हायलाच हवं होतं. बांधाची सामायिक जबाबदारी १९७५ च्या नियमांनी कुळांच्या संघांकडे दिली होती, मानशीच्या मासळीचा लिलावही त्यांच्याकडे आला. नेमकी इथे झडप उलटी फिरली. कोळंबीला भाव आला. भातापेक्षा मानशीचा लिलाव मोठा झाला. ज्याने मोठी बोली लावली त्याला मासे हवेत. मासे हवेत तर खारं पाणी आत हवं, तेही पावसाळ्याचे महिने सोडून नव्हे, बारमाही. भरतीला दार उघडं राहू लागलं. काही ठिकाणी बांध फुटले, काही ठिकाणी ते फुटू दिले गेले. बुडालेल्या शेताला पुढे बांधकामासाठी गिऱ्हाईक मिळालं. पाणी थांबवण्यासाठी बांधलेलं दार तेच होतं, फक्त त्याचा लिलाव घेणारा आता पाण्याच्या बाजूचा होता.

या वस्तूला आपल्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक भाषेत नाव आहे हे मला तेव्हा हळूहळू कळत गेलं. गोव्याच्या खाली उत्तर कन्नडमध्ये, अघनाशिनीच्या मुखाशी, गजनी. खाजण आणि गजनी हे शब्द कानाला किती जवळचे आहेत ते वाचकांनी स्वतःशीच म्हणून पाहावं. त्याखाली कण्णूरकडे कैपाड, कोचीजवळ पोक्कळी. भाताची नावंही तशीच : आपल्याकडे राता, गोव्यात कोरगुट, गजनीत कग्गा. पोक्कळी हे तर शेताचंही नाव आणि भाताचंही. पावसाळ्यात भात, ते कापल्यावर त्याच पाण्यात कोळंबी. आज जगभरचे शास्त्रज्ञ खारं सोसणाऱ्या भाताच्या जाती घडवताना जो गुण वापरतात, त्यातला एक महत्त्वाचा या पोक्कळीतून घेतलेला आहे. एकमेकांची भाषा न कळणाऱ्या माणसांनी एकाच चिखलावर एकच उपाय काढला आणि प्रत्येकाने त्याला आपापलं नाव ठेवलं. तौलनिक साहित्याच्या वर्गात आम्हाला रामायणांची तुलना शिकवली होती. उघाड्यांची शिकवली असती तरी चाललं असतं.

इंग्रजीत मात्र या सगळ्यांना मिळून ‘रिक्लमेशन’. आणि मुंबईचा समुद्र बुजवला त्यालाही ‘रिक्लमेशन’. माझ्या हातून जी चूक झाली तिची मुळं इथे आहेत असं मला वाटतं. मुळातला लॅटिन शब्द ‘ओरडून विरोध करणे’ अशा अर्थाचा. पुढे शिकारीच्या भाषेत उडालेल्या ससाण्याला हाक मारून परत बोलावणं. मग माणसाळवणं, आणि बऱ्याच उशिरा जमिनीला हा शब्द लागला. शब्दात गृहीत असं की जमीन आधी आपलीच होती, ती भटकली होती, आपण तिला परत आणली. खारेपाटातले आजोबा नेमकं हेच विचारत होते.

गंमत म्हणजे मुंबईतही सुरुवात खारीनेच झाली होती. बेटांच्या मधल्या सखल भागात भरतीचं पाणी शिरत असे. पायधुनी, उमरखाडी ही नावं त्याच पाण्याची. ही खारी जमीन जो बांध घालून पिकवील त्याला ती अगदी हलक्या साऱ्याने दिली जाई, त्या साऱ्याला फोरास म्हणत. पोर्तुगीजमधला ‘बाहेर’ या अर्थाचा शब्द तो. १८५१ मध्ये या फोरास जमिनींसाठी स्वतंत्र कायदाही झाला. आज फोरास रोड हे नाव उच्चारलं की मुंबईकराच्या चेहऱ्यावर वेगळंच काही उमटतं, पण ते नाव मुळात भाताच्या खाचरांचं आहे.

मग भिंत मोठी झाली. १७७१ ते १७८४ या काळात गव्हर्नर असलेल्या विल्यम हॉर्नबीच्या कारकिर्दीत महालक्ष्मी आणि वरळीमधलं मोठं खिंडार बंद झालं, तो हॉर्नबी वेलार्ड. बांध टिकत नव्हता, तेव्हा रामजी शिवजी प्रभूंना स्वप्नात देवीने सांगितलं आणि समुद्रातून मूर्ती वर काढल्यावर काम तडीस गेलं, ही कथा मुंबईत सर्वांना ठाऊक आहे. मला ती कथा आवडते. समुद्राकडून घ्यायचं तर आधी काहीतरी मान्य करावं लागतं, एवढी जाण तरी तिच्यात आहे. वेलार्डच्या आत भायखळा-महालक्ष्मीचं मोठं मैदान कोरडं पडलं, पण ते सखलच राहिलं. समुद्र अडवला, पाऊस कुठून बाहेर जाणार याचा विचार मागे पडला. दरवर्षी जुलैत मध्य मुंबईत जे गुडघाभर पाणी आपण दूरदर्शनवर बघतो, त्यातलं काही त्या राहून गेलेल्या विचाराचं आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून बांध सुटला आणि भराव आला. हा बदल साधा नाही. बांधात दोन्ही बाजू शिल्लक राहतात. खाडी खाडी असते, शेत शेत असतं, मध्ये दार असतं. भरावात एक बाजू संपते. बांधाला रोज राखावं लागतं, भराव एकदा टाकला की विकता येतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाचा पैसा आला तेव्हा बॅकबे भरून काढण्यासाठी कंपनी निघाली, तिच्या शेअरचे भाव आकाशाला भिडले, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. समुद्र अजून भरलाही नव्हता आणि त्याच्यावरच्या जमिनीचा सट्टा होऊन गेला होता.

दुसऱ्यांदा हेच सरकारने केलं. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॅकबेची मोठी योजना आली. आठ भाग भरायचे होते. गाळ उपसणारं यंत्र अपेक्षेइतकं चाललं नाही, भिंतीतून भराव वाहून जाऊ लागला, खर्च फुगत गेला. बॅरिस्टर के. एफ. नरिमन यांनी वर्तमानपत्रांतून आणि कौन्सिलात हे प्रकरण लावून धरलं. योजनेतले एक अधिकारी हार्वे यांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला घातला, त्यात नरिमन निर्दोष सुटले. योजना आवरती घेतली, आठांपैकी चारच भाग पुरे झाले. मरीन ड्राइव्ह त्याच भरावावर आहे. पुढे स्वातंत्र्यानंतर बॅकबेत पुन्हा भराव पडला आणि त्या भरावाला नाव दिलं : नरिमन पॉइंट. हे ज्यांनी सुचवलं त्यांना विनोदबुद्धी होती की अजिबात नव्हती, याचा निर्णय मी अजून करू शकलेले नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. शहराचं सांडपाणी जिथे समुद्राला मिळतं ती मुखं बहुतेक भरतीच्या रेषेखाली, आणि त्यांतल्या बहुतेकांना दारं नव्हती. भरतीला पाणी बाहेर जायचं सोडून आत येत होतं. पर्जन्यजलवाहिन्या सुधारण्याचा आराखडा १९९३ पासून तयार होता. त्यातली उदंचन केंद्रं, म्हणजे झडपा आणि प्रचंड पंप, या पुरानंतर खऱ्या अर्थाने मार्गी लागली. हाजीअलीला, इर्ल्याला, लव्हग्रोव्हला ती आज आहेत. मुंबईला उघाडी पुन्हा सापडली म्हणायची. फक्त हिला वीज लागते.

आता खारेपाटाकडे परत येते, कारण तिथली गोष्ट अशी सरळ नाही आणि मला जी गाठ सुटत नाही ती तिथेच आहे.

१९४८ मध्ये मुंबई राज्याने खार जमिनींचा कायदा केला, पुढे १९७९ मध्ये महाराष्ट्राचा खारभूमी विकास कायदा आला. हेतू चांगला होता. खोत गेले, पण बांधाचा खर्च गावाच्या आवाक्यातला राहिला नव्हता. तो सरकारने उचलावा. सरकारी योजनेतल्या बांधांना अभियंते मिळाले, अंदाजपत्रकं मिळाली. पण घमेलं घेऊन धावण्याचा रिवाज मोडला. खांड गेली की आता अर्ज जातो. अर्ज मंजूर होऊन निविदा निघेपर्यंत दोन-तीन पावसाळे सरतात. खासगी म्हणून नोंदलेल्या बांधांना तर तोही आधार नाही. आणि दरम्यान तरुण पोरं नोकरीला पनवेलला, नवी मुंबईला गेलेली असतात.

या दोन-तीन वर्षांत शेतात एक पाहुणा येतो. तिवर. भरतीबरोबर त्याचं बी आत येतं आणि चिखलात रुजतं. पाच-सहा वर्षांत कमरेएवढं, दहा वर्षांत माणसाच्या डोक्यावर. सातबाऱ्यावर भात, जागेवर जंगल. आणि हे जंगल तोडता येत नाही.

ते तोडता येऊ नये याच बाजूची मी आहे. इंदिरा गांधींनी १९८१ मध्ये किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं, की भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतचा किनारा मोकळा राहिला पाहिजे. त्यातून १९ फेब्रुवारी १९९१ ची किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. २०११ आणि २०१९ मध्ये ती नव्याने आली, दर वेळी थोडी सैल होत. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यभरच्या कांदळवनाच्या तोडीला मनाई केली आणि २०१८ च्या अंतिम निकालात कांदळवनाचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्कावरच घाला आहे असं म्हटलं. ही मनाई नसती तर ठाण्याच्या खाडीचा काठ केव्हाच डंपरखाली गेला असता. तिवर लाटा मोडतं, गाळ धरतं, मासळीची पिल्लं वाढवतं. जुने खारकरी बांधाच्या बाहेर तिवराची रांग मुद्दाम राखत. बांधाचं पहिलं चिलखत तेच.

पण कायद्याला दोनच गोष्टी दिसतात : जमीन आणि कांदळवन. तिसरी त्याच्या शब्दसंग्रहात नाही. भरतीच्या रेषेखाली असूनही भात पिकवणारी, माणसाने राखली तरच असणारी जागा. ती मोडली तर तिला दुरुस्त करायचं, हे वाक्य कुठल्या कलमात बसवायचं? शेतकरी बांध दुरुस्त करायला गेला की त्याच्यावर भरतीचं पाणी अडवून तिवर मारल्याचा ठपका येऊ शकतो. आणि हा संशय उगाच नाही. जमीन गिळायची असेल तर मुंबईच्या कडेला अगदी हीच रीत आहे : गुपचूप बांध घालायचा, भरती अडवायची, पाण्याविना तिवर वाळू द्यायचं, मग “इथे कांदळवन नाहीच, पडीक आहे” असं दाखवायचं. वरून काढलेल्या छायाचित्रात खारकऱ्याचा बांध आणि भूमाफियाचा बांध सारखाच दिसतो. फरक उघाडीत असतो, आणि उघाडी उपग्रहाला दिसत नाही.

नवी मुंबईतही हीच गाठ. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली ती भातखाचरं, मिठागरं आणि खाड्यांच्या प्रदेशावर. शहर सखल जागेवर, म्हणून हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव काढले. भरतीला झडप बंद, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला बाहेर. उघाडीचीच थोरली बहीण. हे तलाव गाळाने भरले, गाळात तिवर उगवलं, आणि आता गाळ काढायचा तर तिवराला हात लावावा लागतो. ज्या शेतकऱ्यांच्या खारी या शहराखाली गेल्या त्यांच्यापैकी पाच जण जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात गेले. ते मोबदल्यासाठी लढत होते. मोबदला मिळाला तो पुढे साडेबारा टक्के भूखंडांच्या रूपात, म्हणजे भरावाच्याच रूपात. खारीच्या बदल्यात दुसरी खार कुणी देऊ शकत नाही.

माझ्या त्या सारांशाचं काय झालं, तेही सांगून टाकते. सुनावणीनंतर मी दुरुस्त प्रत पाठवली. ‘पडीक’ काढून जिथे जिथे खार होती तिथे खार लिहिलं, ‘पुनःप्रापण’ काढून साधं ‘भराव’ लिहिलं. उत्तर आलं की शब्दयादीत बदल करता येणार नाही, आणि ‘भराव’ या शब्दाने गैरसमज पसरण्याची शक्यता आहे. अंतिम प्रतीत माझे जुने शब्दच राहिले. मानधन वेळेवर जमा झालं, मी ते परत केलं नाही. त्यानंतर तसलं काम घेतलं नाही म्हणायला हरकत नाही, पण खरं सांगायचं तर कुणी दिलंही नाही.

मागच्या पावसाळ्याआधी त्या आजोबांच्या नातवाचा फोन आला. आजोबा आता नाहीत. त्यांच्या पट्ट्यातल्या बांधाला नऊ वर्षांपूर्वी खांड गेली, ती तशीच आहे, आत तिवर वाढलं आहे. गावातल्या अठ्ठावीस खातेदारांनी मिळून अर्ज लिहिला होता आणि कुणीतरी सांगितलं होतं की वरच्या कार्यालयात तो इंग्रजीतही दिलेला बरा. “ताई, तुम्ही आजोबांना ओळखत होता ना,” तो म्हणाला.

अर्ज तीन पानांचा होता, हाताने लिहिलेला. खांड कुठे, किती लांब, कोणत्या उधाणाला गेली, तेव्हा कोण कोण बांधावर होतं. मी ‘खांड’साठी तीन इंग्रजी शब्द लिहून पाहिले आणि खोडले. शेवटी खांड तसाच ठेवला, उघाडी तशीच ठेवली, खार तशीच ठेवली आणि पहिल्या पानावर प्रत्येकाचा अर्थ दोन-दोन ओळींत दिला. ‘रिक्लमेशन’ कुठेच आलं नाही, लागलंच नाही. आतलं तिवर काढायची परवानगी ते मागत होते. बांधाच्या बाहेरचं तिवर आम्ही राखणार आहोत, त्याला हात लावणार नाही, हे वाक्य त्यांनी अर्जात दोनदा लिहिलं होतं, एकदा सुरुवातीला आणि एकदा सह्यांच्या वर. नातू म्हणाला, दुसरं वाटल्यास गाळा, चुकून पुन्हा लिहिलं गेलंय.

मी दोन्ही ठेवली.